शुक्रवारी विषय, रविवारी फिल्म: बडोद्यात बसून ४८ तासांची शॉर्टफिल्म कशी करावी

४८ तासांत फिल्म करण्याची स्पर्धा २००१ साली अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली आणि मग ती टूम जगभर पसरली. नियम सगळीकडे साधारण सारखेच. ठरलेल्या मिनिटाला विषय किंवा प्रकार हातात पडतो. सोबत एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद सक्तीचा असतो. चार ते सात मिनिटांची तयार फिल्म ठरलेल्या मिनिटाला परत द्यायची. आपल्याकडे ५० तासांच्या स्पर्धाही होतात, कॉलेजांच्या महोत्सवांत २४ तासांच्याही.

बडोद्यातल्या मराठी मंडळींना यात एक फायदा आहे आणि एक तोटा, आणि दोन्हींचं मूळ एकच: आपण नाटकवाले. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत गणपतीच्या एकांकिकेत कधीच कुणी उभं राहिलं नाही असं घर शोधावं लागेल. त्यामुळे नट मिळतात, पाठांतर चोख असतं, पडेल ते काम करायची सवय असते. तोटा असा की आपण शनिवारी दुपारपर्यंत संवाद घोटत बसतो आणि आवाज, एडिट ही कामं रविवारच्या अंगावर ढकलतो. अशा फिल्म वाईट अभिनयाने क्वचित बुडतात. त्या बुडतात न ऐकू येणाऱ्या संवादांनी आणि अर्धवट एडिटने. म्हणून इथे तासांची वाटणी शेवटाकडून केली आहे.

उलटी मोजणी

समजा शुक्रवारी संध्याकाळी ७ ला विषय मिळाला आणि रविवारी ७ ला फाइल द्यायची आहे. कागदावर खालून वर लिहीत जा:

रविवार संध्याकाळ ५: अपलोड सुरू.
रविवार दुपार ३: पहिली पूर्ण फाइल बाहेर काढलेली, कशीही असो.
रविवार सकाळ ११: चित्र कायम. यानंतर एकही शॉट हलणार नाही, फक्त आवाज, रंग आणि नावांच्या पाट्या.
शनिवार रात्र १२: पूर्ण लांबीचा कच्चा कट.
शनिवार संध्याकाळ ६: शूट बंद.
शनिवार सकाळ ७: पहिला शॉट.
शुक्रवार रात्र ११: स्क्रिप्ट बंद.
शुक्रवार रात्र ९: गोष्ट ठरली.

शूटला अकरा तास आणि त्यानंतरच्या कामाला झोपेसकट जवळजवळ चोवीस, ही वाटणी नव्या चमूला खटकते. खटकू द्या. त्या अकरा तासांतले जेवण, हलवाहलव आणि उशिरा येणारा एक नट वजा केले की हातात आठ उरतात. एका शॉटची लावणी, तालीम आणि दोन-तीन टेक धरले तर पंधरा ते वीस मिनिटं जातात. म्हणजे दिवसभरात २४ ते ३२ शॉट. हा आकडा स्क्रिप्ट लिहिण्याआधी लेखकाला सांगा. नाहीतर तो पन्नास शॉटांची गोष्ट लिहितो आणि मग शनिवारी चार वाजता कुठले शॉट गाळायचे यावर जिन्यात उभं राहून भांडणं होतात.

विषय मिळण्याआधीचा आठवडा

बहुतेक स्पर्धा चमू, सामान आणि जागा आधी जमवायला परवानगी देतात. लिहायला आणि शूट करायला मनाई असते. नियमावली एकाने नीट वाचावी, सगळ्यांनी वरवर वाचण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात उपयोगाचं काम म्हणजे 'आपल्याकडे काय आहे' ही यादी. कुणाचं घर शनिवारी रिकामं असतं, कुणाच्या काकांचं दुकान बंद असतं, कुणाकडे जुनी स्कूटर आहे, कुणाच्या आजीला कॅमेऱ्यासमोर बसायला आवडेल, कुणाच्या गच्चीचं दार सोसायटीचा सेक्रेटरी न कुरकुरता उघडून देतो. शुक्रवारी रात्री गोष्ट या यादीतून काढायची असते. उलट केलं, म्हणजे आधी गोष्ट आणि मग तिच्यासाठी हॉस्पिटलची खोली, की अख्खा शनिवार शोधाशोधीत जातो.

आता जागांबद्दल. बडोद्यात राहून कॅमेरा हातात घेतला की लक्ष्मीविलास, तांबेकर वाडा, सयाजीबाग, स्टेशन यांचा मोह होतोच. तो आवरा. तांबेकर वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, लक्ष्मीविलास राजघराण्याची खासगी मालमत्ता आहे, सयाजीबाग महापालिकेचं, स्टेशन रेल्वेचं. प्रत्येकाची परवानगीची वाट वेगळी, आणि शनिवार-रविवारी त्यातली एकही वाट चालून पुरी होत नाही. परवानगीशिवाय शूट केलेला शॉट पुढे महोत्सवात कागदपत्रं मागितली की आडवा येतो. घराचा जिना, ओटा, स्वयंपाकघर, बंद दुकानाची आतली बाजू, गच्ची ही खरी लोकेशन्स. घरमालकाची लेखी संमती घ्या, एक पानी मराठी-गुजराती मजकूर आधीच टाईप करून ठेवा. तसंच नटांचं. मूल असेल तर आईवडिलांची सही.

गुजरातेत दारूबंदी आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण लेखक रात्री अकराला ते विसरतात. 'नायक बाटली घेऊन गच्चीवर बसतो' असं लिहिलं की शनिवारी त्या रिकाम्या बाटलीवरून शेजारी काय म्हणतील, कुणी पोलिसांना फोन केला तर काय, ही निस्तरानिस्तर सुरू होते. स्टीलच्या पेल्यातून काम भागतं. पोलिसी गणवेश आणि खोटं पिस्तूल हेही त्याच माळेतले मणी.

तारीख निवडायची मुभा असेल, म्हणजे स्पर्धा नसून आपणच आपल्याला मुदत घातली असेल, तर नवरात्रातला शनिवार घेऊ नका. गरब्याचा आवाज बंद खिडक्यांतून आत येतो. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण. गच्च्यांवर स्पीकर आणि दर दोन मिनिटांनी 'काप्यो छे' ची आरोळी. फिल्म पतंगाचीच असेल तर गोष्ट वेगळी.

माणसं किती आणि कोणती

सहा ते आठ. त्याहून जास्त झाली की चहा सांगण्यातच वेळ जातो. दिग्दर्शक, लेखक, कॅमेरा, आवाज, एडिटर, व्यवस्था आणि घड्याळ सांभाळणारा. शेवटच्या दोन जागा एकाच माणसाला देऊ नका. व्यवस्थेचा माणूस जेवण, चाव्या, शेजारी आणि रिक्षा बघतो. घड्याळवाल्याचं काम एकच: दर शॉटनंतर किती वाजले आणि किती शॉट उरले हे मोठ्याने सांगणे, आणि वेळ संपली की 'पुढे चला' म्हणणे. ही जागा चमूतल्या सगळ्यात भिडस्त माणसाला देऊ नये. आमच्याकडे मंडळाचा हिशेब ठेवणाऱ्या काकू हे काम उत्तम करतात. त्यांच्यापुढे दिग्दर्शकाचीही 'अजून एक टेक' म्हणायची छाती होत नाही.

एडिटरला सेटवर आणू नका. त्याने शुक्रवारी रात्री झोपावं, शनिवारी दुपारी पहिलं कार्ड हातात आलं की बसावं. सेटवरची मजा हुकली म्हणून तो रुसेल. पण ज्याने शॉट घेताना झालेला त्रास पाहिलेला नाही, तोच तो शॉट निर्दयपणे कापू शकतो.

कॅमेरा आणि आवाजाची तपासणी

ही शुक्रवारच्या आधीच करा. मोबाइलवर शूट करायला काहीच हरकत नाही, पण मोबाइल जसा डब्यातून निघाला तसा वापरू नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम्सवर लावलेला असतो, आणि मग ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे वर-खाली सरकतात. २५ फ्रेम्स आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात हे हाताने लावता येत नसेल तर तशी सोय असलेलं अ‍ॅप घ्या. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. नाहीतर नट खिडकीसमोरून गेला की अख्खी खोली काळवंडते.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिटने फोर-के शूट केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. ४८ तासांच्या फिल्मला फुल एचडी पुरतं आणि एडिटरचा जुना लॅपटॉपही दमत नाही. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर मोबाइल तापून रेकॉर्डिंग मधेच बंद पडतं, म्हणून दुसरा फोन त्याच सेटिंगवर तयार ठेवा.

दादासाहेब फाळके तरुणपणी इथल्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी धरून. त्यांनी पुढे वाटाण्याचं रोप वाढतानाचं छोटं चित्रण केलं ते रोज थोडं थोडं, महिनाभर कॅमेरा लावून. मुदतीच्या अगदी उलट टोकाचं काम, पण त्यातून घ्यायचं ते असं की कॅमेरा एकदा पक्का बसवला की हलवायचा नाही. ट्रायपॉड न्या. हातात धरून हलत्या कॅमेऱ्याची मजा दहा फिल्म झाल्यावर.

आवाजासाठी कॉलरला लावायचा साधा लेपल माइक आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग एवढं पुरे. माइक हनुवटीखाली एक वीत. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, आणि नट सगळ्यात मोठ्याने बोलतो तेव्हा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. शून्याला टेकला की आवाज फाटला, तो नंतर कुणालाही शिवता येत नाही.

शुक्रवार रात्र: गोष्ट

सरावासाठी असं समजा की चिठ्ठीत निघालं: विषय 'परतफेड', पात्र 'नवा भाडेकरू', वस्तू 'स्टीलचा डबा', संवाद 'हे तुमचं नाही'.

पहिला अर्धा तास सगळ्यांनी बडबड करावी. पहिली सुचलेली गोष्ट फेकून द्या, कारण ती सगळ्यांनाच सुचलेली असते. परतफेड म्हटलं की सूड, सावकार, डब्यात पैसे. शिवाय त्याला गुंड लागतो, रात्र लागते, मारामारी लागते.

मग यादीकडे वळा. यादीत आहे दांडिया बाजारातल्या जुन्या इमारतीचा पहिला मजला, समोरासमोर दोन दारं, एक आजी आणि कॉलेजमधली एक मुलगी. आता डबा आपोआप बोलायला लागतो. शेजारणीकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा रिवाज मराठी घरात आहे तसाच गुजराती घरात. समोरच्या बेनने हांडवो दिला होता. आजी त्या डब्यात लाडू भरते आणि समोरचं दार वाजवते. दार उघडते ती अनोळखी मुलगी. बेन मुलाकडे सुरतेला गेल्या, ही नवी भाडेकरू. मुलीला वाटतं आपल्या स्वागताला आजीने खाऊ आणलाय. ती डबा घेते, 'थँक यू आजी' म्हणते, दार लागतं. आजीच्या तोंडातून शब्द फुटत नाही. संध्याकाळी मुलगी डबा घासायला घेते आणि तिला तळाला नाव घातलेलं दिसतं, टिंबाटिंबांनी कोरलेलं, बेनचं. सकाळी ती आजीच्या दारात येते. 'आजी, हे तुमचं नाही.' आजी झाकण उघडते तर आत दुकानातला लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा. आजी तो चिवडा आपल्या डब्यात काढून घेते, बेनचा डबा पुसून फळीवर ठेवते, आणि स्वतःचं नाव घातलेला तिसरा डबा भरायला घेते.

बघा काय काय वाचलं. जागा एक, माणसं दोन, रात्रीचा बाहेरचा प्रसंग नाही, गर्दी नाही. सक्तीचा संवाद उपटून लावलेला वाटत नाही, कारण गोष्ट त्याच्याकडेच चालत येते. आणि शेवट बोलून नाही, करून होतो. परीक्षक दिवसभरात पुष्कळ फिल्म बघतात. त्यांच्या लक्षात राहतो तो असा एक डबा. शेवटच्या मिनिटात कुणीतरी आयुष्यावर बोलायला लागलं की तेही ओळीने सगळं विसरतात.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. पाच पानांवर थांबा. रात्री ११ नंतर लेखकाला सुचलेल्या सुधारणा त्याने वहीत लिहाव्यात आणि वही बंद करून झोपावं. दिग्दर्शक आणि कॅमेरावाल्याने मात्र अर्धा तास अजून बसून शॉटची यादी करावी: जागेनुसार, गोष्टीच्या क्रमाने नाही. आजीच्या दारातले सगळे शॉट एका दमात, मग मुलीच्या दारातले, मग मोरी आणि स्वयंपाकघर. यादीतल्या प्रत्येक शॉटपुढे 'हवाच' किंवा 'जमलं तर' असं लिहा. 'हवाच' वाले अठराच्या वर गेले तर स्क्रिप्टला अजून कात्री लावा.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे शॉटाशॉटांतला मेळ राहावा म्हणून, प्रत्येक प्रसंगाच्या आधी आणि नंतर साध्या फोनने फोटो काढायचं काम एकाला द्या. डब्याचं झाकण लागलेलं होतं की उघडं, आजीच्या साडीचा पदर कुठल्या खांद्यावर, मुलीचे केस मोकळे की बांधलेले. क्रम सोडून शूट करताना हेच घोळ होतात.

शनिवार

सकाळी ७ चा शॉट म्हणजे ६ ला हजर. जुन्या गल्ल्यांत ऊन थेट जमिनीवर पडतं ते दुपारीच थोडा वेळ. बाकी दिवसभर समोरच्या भिंतीवरून परतून आलेला मऊ उजेड असतो, आणि माणसाचा चेहरा दाखवायला तो फार चांगला. नटाला दारात, उजेडाकडे तिरकं तोंड करून उभं करा. काळोख्या बाजूला पांढरी थर्माकोलची शीट धरली की झालं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे. तेव्हा हिवाळ्यात दाराबाहेरचे शॉट जेवणाआधी उरका, मोरीचे मागे ठेवा. खिडकीला जाड चादर लावली की मोरीत दुपारी तीनलाही संध्याकाळ होते.

नाटकातल्या नटांना पहिल्या शॉटआधी एकच सांगा: समोरचा माणूस एका हातावर आहे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय गळ्यात बसलेली असते आणि ती कॅमेऱ्यात ओरडण्यासारखी दिसते. भुवयाही अर्ध्यावर आणा. गोष्टीतला सगळ्यात अवघड शॉट, म्हणजे दार बंद झाल्यावरचा आजीचा चेहरा, पहिलाच घेऊ नका आणि शेवटचाही नाही. नट तापलेला आणि अजून दमलेला नसतो अशा वेळी, साधारण अकराला, तो घ्या.

दोन दारं समोरासमोर असली की अक्षाचा नियम सांभाळावा लागतो. दोन्ही दारं जोडणारी एक रेघ मनात ओढा आणि कॅमेरा दिवसभर तिच्या एकाच बाजूला ठेवा. नाहीतर कापल्यावर आजी आणि मुलगी एकाच दिशेला बघताना दिसतात. जिन्याच्या बाजूने एकदा ठरवलं की जिन्याच्याच बाजूने. खडूने जमिनीवर रेघ मारली तरी चालेल, फ्रेममध्ये येत नसेल तर.

आता डबा. स्टील म्हणजे आरसा. डब्याचा जवळून शॉट घेताना त्यात कॅमेरा, कॅमेरावाला आणि मागे वडापाव खात उभे असलेले व्यवस्थेचे गृहस्थ, तिघेही दिसतात. कॅमेरा डब्याच्या समोर नको, थोडा वर आणि तिरका घ्या, आणि कॅमेऱ्यामागे काळा कपडा धरा, म्हणजे पत्र्यात काळोख दिसेल आणि कडेला फक्त खिडकीची एक उभी रेघ चमकेल. तळाचं कोरलेलं नाव समोरच्या उजेडात वाचताच येत नाही. टॉर्च जवळजवळ तळाला समांतर, एका कडेने मारा. प्रत्येक टिंबाच्या खड्ड्याची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि अक्षरं उठून येतात. थोडं पाणी डब्यावर असू द्या. मुलगी अंगठ्याने पाणी पुसते आणि नाव दिसतं, हे एका शॉटमध्ये होऊ शकतं. या एका शॉटला चाळीस मिनिटं गेली तरी घड्याळवाल्या काकूंनी गप्प बसावं, कारण फिल्म त्यावर उभी आहे. नाव मात्र खोटं कोरून घ्या किंवा स्वतःच्या घरातलं वापरा. खऱ्या शेजारणीचं नको.

आवाज घेणाऱ्याने शूटच्या आधी खोलीत मिनिटभर डोळे मिटून उभं राहावं. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर, कबुतरं, शेजारचा कुकर. पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज बंद करताना स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. घरी जाताना किल्ली हवीच, म्हणून फ्रिज पुन्हा सुरू करायचं राहत नाही. शेजारच्या बेनला आदल्या दिवशीच जाऊन सांगून या, शिट्टी होणारच असेल तर ती कधी हे विचारून ठेवा. हॉर्न वाजला तरी नटाने थांबू नये, दिग्दर्शकच थांबवेल.

प्रत्येक टेकला टाळी: आधी शॉट आणि टेकचा नंबर बोला, मग कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, एडिटर त्यावरच चित्र आणि आवाज जुळवतो. प्रत्येक जागेचा निव्वळ शांततेचा आवाज अर्धा मिनिट घ्या, सगळे गप्प उभे असताना. आणि निघायच्या आधी सुट्टे आवाज गोळा करा: दाराची कडी, डब्याचं झाकण लागतानाचा 'टक', लाडू डब्यात ठेवतानाचा, नळाचा, चपलांचा. डब्याचा 'टक' या फिल्ममध्ये संवादाइतका महत्त्वाचा. तो दहा वेळा, माइक जवळ ठेवून घ्या.

खाणं घरचं. थेपले, लोणचं, केळी, चहा. सेव-उसळ शूट संपल्यावर. दुपारी झणझणीत तर्री पोटात गेली की तीन वाजता अर्धा चमू पेंगतो आणि उरलेला अर्धा पाणी शोधत फिरतो.

प्रत्येक कार्ड भरलं की दोन ठिकाणी कॉपी, दोन्ही उघडून बघा, तोवर कार्ड पुसायचं नाही. चार वाजता घड्याळवाल्याने यादी वाचावी. 'जमलं तर' वाले शॉट तिथेच खोडा.

शनिवार रात्र ते रविवार

मोबाइलचं चित्रण बदलत्या फ्रेमगतीचं असतं आणि मिनिटभरात ओठ व आवाज वेगळे होऊ लागतात. एडिटरने फाइल आल्या आल्या हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून त्या स्थिर २५ फ्रेम्सवर काढून घ्याव्यात. मग फोल्डर: प्रसंगानुसार चित्र, आवाज, संगीत, पाट्या. फाइलला 'फायनल', 'फायनल नवा', 'एकदम फायनल' अशी नावं न देता तारीख आणि वेळ घाला. डाविंची रिझॉल्वची मोफत आवृत्ती या कामाला भरपूर होते.

कच्चा कट गोष्टीच्या क्रमाने, पूर्ण लांबीचा, रात्री १२ पर्यंत. सुंदर करायला जाऊ नका. बहुधा पाच पानांची फिल्म सहा-सात मिनिटांची निघते. मग कापायचं. सुरुवातीपासून कापा: गल्ली, जिना, घड्याळ, देवघर अशा 'वातावरणाच्या' शॉटांवर पहिली चाळीस सेकंदं जातात आणि तोवर काही घडलेलं नसतं. लाडू डब्यात पडतोय, इथे सुरू करा. माणूस दारातून आत येतो, चालतो, बसतो, मग बोलतो. त्यातलं येणं आणि चालणं काढून टाका. त्यानंतर झोपा. चार तास तरी. पहाटे चारला घेतलेला एडिटचा निर्णय सकाळी नऊला परत फिरवावा लागतो.

रविवारी सकाळी दहाला एका बाहेरच्या माणसाला फिल्म दाखवा. शक्यतो मराठी न येणाऱ्या शेजाऱ्याला. काहीही समजावून सांगू नका. 'आवडली का' विचारू नका, 'काय झालं सांगा' म्हणा. डबा कुणाचा होता हे त्याला कळलं नसेल तर तळाच्या नावाचा शॉट दोन सेकंद लांबवा. अकरा वाजता चित्र कायम.

मग आवाज. संवाद सगळ्यात वर, त्याखाली खोलीची शांतता सलग, त्यावर सुट्टे आवाज. हेडफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवर दोन्हीकडे ऐका. संगीत कमीच ठेवा. सिनेमाचं गाणं लावू नका, पार्श्वभूमीला रेडिओवर वाजणारंही नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, आणि गीत-संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. संतांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण एखाद्या गायकाने गायलेली त्याची कॅसेट नाही. बडोद्यात याचं दुःख वाटायचं कारण नाही. गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने सुरू केलेली गायनशाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. चमूच्या ओळखीपाळखीत तिथला एखादा सतारवाला निघतोच. त्याला शनिवारी संध्याकाळी कच्चे शॉट दाखवा, दोन मिनिटं वाजवून घ्या, संमतिपत्रावर सही घ्या.

पाट्यांचा घोळ मराठी फिल्मना नेहमी नडतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाईप केली की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसते आणि जोडाक्षरं फुटतात. 'दिग्दर्शक' आणि 'निर्मिती' हे दोन शब्द आधीच्या आठवड्यात टाईप करून बघा. बिघडत असतील तर पाटी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून आत आणा. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' असे मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्या. श्रेयनामावली वीस सेकंदांच्या आत. आपल्या शहरात प्रेक्षक मराठी, गुजराती, हिंदी मिश्र असतो, म्हणून सबटायटल हवीतच. ती स्क्रिप्टवरून शनिवारी संध्याकाळी मोकळ्या बसलेल्या लेखकाने करावीत.

तीनला पहिली फाइल काढा. फुल एचडी, २५ फ्रेम्स, एच-२६४ (फाइल दाबून लहान करायची पद्धत), सेकंदाला १५ मेगाबिट: पाच मिनिटांच्या फिल्मची सुमारे साडेपाचशे एमबी होते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, एडिटिंगच्या लॅपटॉपवर नव्हे तर दुसऱ्या मशीनवर बघा. मधेच काळी फ्रेम, गायब झालेला आवाज, चुकलेलं नाव तिथे सापडतं. दुरुस्त करून दुसरी काढा. अपलोडचा वेगही आधी मोजा, डाउनलोडचा नव्हे. १० मेगाबिटच्या लाइनवर दोन जीबीची फाइल सगळं सुरळीत असताना सुमारे सत्तावीस मिनिटं घेते, आणि रविवारी संध्याकाळी सगळ्या चमूंची अपलोडं एकदमच चालू असतात. पाचला सुरू करा. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट आणि पेन ड्राइव्हवर एक प्रत जवळ असू द्या. अपलोड झाल्यावर स्पर्धेच्या दुव्यावरून फाइल उघडून पहिली आणि शेवटची दहा सेकंदं चालवून बघा, पोच मिळालेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या.

सोमवारी व्यवस्थेच्या माणसाने सगळी संमतिपत्रं स्कॅन करून मूळ चित्रणाबरोबर एकाच हार्ड डिस्कवर टाकावीत आणि दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवावी. एडिटची प्रोजेक्ट फाइल पुसू नका. बऱ्याच महोत्सवांना नंतर तीच फिल्म नीट आवाज-रंग करून पाठवता येते. फक्त स्पर्धेच्या नियमांत फिल्मचे हक्क कुणाकडे राहतात आणि किती काळ इतरत्र दाखवायला मनाई आहे, ही दोन कलमं पाठवण्याआधी पुन्हा वाचा.